तिसऱ्या तिकिटावर नील बेट

"समुद्राच्या मधोमध जाऊन तिथं करायचं काय?" ताईचा हा पहिला प्रश्न. दुसरा, "फुलं कोण तोडील?"

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. नाशिकजवळ मखमलाबादला तिची दोन एकर फुलशेती आहे: झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. फुलशेती करणाऱ्याला सुट्टी नसते. पहाटे तोडणी, उजाडायच्या आत माल फुलबाजारात. तोवर लग्नानंतरच्या चोवीस वर्षांत ती सलग दोन रात्री घराबाहेर राहिली असेल तर फक्त बाळंतपणात. मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. माझ्या रजा साठत होत्या, तिच्या मुळी नव्हत्याच. म्हणून मीच हट्ट धरला. अंदमान, आपण दोघीच.

पहिलं तिकीट उन्हाळ्याचं काढलं आणि लॉकडाऊन लागलं. विमानं बंद, देवळं बंद. दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, उभ्या झेंडूत ट्रॅक्टरचा रोटर फिरवून तो मातीत गाडला तेव्हा सहलीचा विषय काढायची माझी हिंमत झाली नाही. दुसरं तिकीट दिवाळीनंतरचं. तेव्हा बेटं उघडली होती, पण ताईलाच कोरोना झाला. नऊ दिवस ऑक्सिजनवर होती. आम्ही खिडकीच्या काचेतूनही तिला बघू शकत नव्हतो.

घरी आल्यावर आठवड्याभराने तिचा फोन आला. आवाज अजून बारीकच होता. "वैशे, ते बेटाचं तिकीट परत काढ. आता जायचंच."

मी त्याच संध्याकाळी तिसरं तिकीट काढलं. संक्रांतीनंतरचं, कारण तेव्हा जुना झेंडू संपलेला असतो आणि नवी लागवड तोडणीला आलेली नसते. उरलेल्या शेवंतीची जबाबदारी दाजींनी घेतली.

त्या काळात सहल ठरवणं म्हणजे नियमांच्या मागे पळणं होतं. माझ्यासारखं कुणी हे करणार असेल तर माझा अनुभव असा: तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. हॉटेलला आगाऊ पैसे भरण्याआधी फोन करून, 'बेट बंद झालं तर काय?' हे विचारून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तेव्हा अंदमानला निघण्याआधीच्या अठ्ठेचाळीस तासांतला आरटीपीसीआर रिपोर्ट लागत होता. फार लवकर टेस्ट केली तर रिपोर्ट शिळा, उशिरा केली तर हातात येत नाही.

आमचं विमान शनिवारी सकाळचं. गुरुवारी दुपारी दोघींनी नमुने दिले. शुक्रवारी दुपारी माझा रिपोर्ट आला, निगेटिव्ह. ताईचा आलाच नाही. लॅबवाले म्हणाले, "प्रोसेसमध्ये आहे." पण मला डॉक्टरांचे शब्द आठवत होते: बरं झाल्यावरही काही आठवडे टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. तसं झालं तर ठणठणीत असूनही ताई घरीच.

तरी चार वाजता निघालो. दाजी गाडी चालवत होते. घोटीला चहाला थांबलो तरी रिपोर्ट नाही. कपातून वर न बघता ताई म्हणाली, "नाय आला तर तू एकटी जा."

"मला काय एकटीला समुद्र बघायचाय?"

"पैसे गेलेत तुझे."

"जाऊ देत. तू नसशील तर मी इथूनच परत फिरते."

कसारा घाटात रेंज गेली. शहापूरच्या अलीकडे ताईचा फोन टिंगटिंगला. तिने चष्मा लावून बराच वेळ वाचलं आणि ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "निगेटिव्ह लिवलंय गं. म्हणजे नाय ना जाता येत?"

दाजींनी गाडी कडेला घेतली आणि ते स्टिअरिंगवर डोकं टेकून इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. डोळे मात्र ते जरा जास्तच वेळ पुसत राहिले.

विमानतळाजवळच्या लॉजवर रात्र काढली. विमानात मधल्या सीटवाल्याला अंगभर पांढरा झगा आणि तोंडावर प्लास्टिकची काच. मधली सीट नेमकी ताईची. "मी काय ऑपरेशनला चाललेय का?" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की मास्कमागून तीन रांगा हसल्या. चेन्नईनंतर मात्र तिने काच खिडकीला चिकटवली. सीट मी कधीच बदलून दिली होती. खाली नुसतं निळं पाणी, आणि मग अचानक हिरवे ठिपके.

पोर्ट ब्लेअरला रिपोर्ट दोन टेबलांवर तपासले, ताप पाहिला, शिक्का मारला. छापील प्रत जवळ ठेवा, फोनवर दाखवताना रांग खोळंबते. दुसऱ्या दिवशी सरकारी बोटीने नील बेटावर. खाजगी बोटी वेगवान आहेत पण तिकीट बरंच महाग. सरकारी बोटीला दोन तास लागतात आणि डेकवर उभं राहता येतं. आम्ही पूर्ण दोन तास उभ्या होतो.

इथे शेजारचं प्रसिद्ध हॅवलॉक बेट सोडून नीलच का, हे सांगायला हवं. नील छोटं आहे, गर्दी नाही आणि तिथे शेती आहे. धक्क्यावरून रिक्षाने जाताना दोन्ही बाजूंना वांगी, भेंडी, सुपारी. ताई समुद्राकडे पाठ करूनच बसली होती!

संध्याकाळी लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताला गेलो तर साडेपाचच्या आतच सूर्य पाण्यात. सकाळी साडेपाचलाच उजाडलेलं. "हितला सूर्य बी माळ्याच्या घरातला दिसतोय," ताई म्हणाली. सवयीने ती चारलाच उठायची. एका सकाळी मी जागी झाले तर पलंग रिकामा. शोधत गेले तर ताई शेजारच्या वांग्यांच्या मळ्यात, एका बंगाली बाईसोबत बांधावर बसलेली. दोघींची हिंदी आपापल्या घरची.

"लॉकडाऊन में सब्जी का क्या किया?" ताईने विचारलं.

"कुछ जहाज में भेजा, बाकी गाय को," ती बाई म्हणाली. "होटल बंद, टूरिस्ट नहीं. आपका फूल?"

"हमारे यहां तो देवच बंद थे. फूल किसको डालते?"

दोघी एकदम हसल्या. त्या बाईने आम्हाला घरात नेऊन गरम भात आणि माशाचं कालवण वाढलं. ताई माळकरी, तिने नुसता भात आणि वांग्याचं भरीत घेतलं. वर, भरितात शेंगदाण्याचं कूट हवं, हेही त्या बाईला पटवून आली.

नीलवरच्या तिसऱ्या दिवशी भरतपूरच्या किनाऱ्यावर प्रवाळ बघायला स्नॉर्केलिंग. तोंडात नळी, डोळ्यांवर काच, पोहणं येत नसेल तरी चालतं. सोबत गाईड असतो. आमचा गाईड चाळिशीचा, शांत माणूस. ताईला म्हणाला, "दीदी, डरना नहीं, मेरा हाथ मत छोड़ना."

ताईला अजून चढावर धाप लागत होती, म्हणून मी आधी डॉक्टरांना विचारलं होतं. 'उथळ पाण्यात, दमलं की थांबायचं' या अटीवर होकार मिळाला होता. तरी भीती मलाच वाटत होती. ती मात्र विहिरीत पोहायला शिकलेली. कमरेएवढ्या पाण्यात गेली, दोनदा श्वास घेऊन बघितला आणि गाईडचा हात सोडून सरळ पाण्यावर आडवी झाली. मी मोजत होते. एक मिनिट. दोन. नळीतून तिचा श्वास ऐकू येत होता, सावकाश, एकसारखा. हाच श्वास यावा म्हणून आम्ही नऊ दिवस देव पाण्यात ठेवले होते.

ती वर आली तेव्हा नाकातोंडात खारं पाणी, डोळे लाल. "वैशे, खाली मळा हाय! दगडावानी दिसतंय, पण समदं जितं हाय. निळे मासे असे फिरत्यात जसे काय फुलपाखरंच." मला जबरदस्तीने खाली ओढलं. मला पोहता येत नाही. त्या अर्ध्या तासात गाईड बिचारा किनाऱ्याकडेच राहिला. माझा हात ताईने धरला होता.

सहाव्या दिवशी घरी परतलो. पाचेक आठवड्यांनी नाशकात पुन्हा निर्बंध आले, मग सगळंच पुन्हा बंद झालं. आम्हाला एक फट मिळाली होती आणि आम्ही त्यातून निसटलो होतो, एवढंच. पुढचे महिने वाईट गेले. ओळखीची माणसं गेली. त्या दिवसांत सहलीचे फोटो बघायची लाज वाटायची. आता वाटत नाही. ताई बरी झाली हे मला दवाखान्यातून घरी आणताना कळलं नव्हतं, ते भरतपूरच्या पाण्यात कळलं. माझ्याजवळ उरलंय ते हेच. बाकी शंख तर बोटीवर चढण्याआधीच काढून घेतात, गोळा करू नका.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. मला वाटलं, शेवंतीच्या भावाबद्दल बोलेल.

"लक्षद्वीपला परवाना लागतोय म्हणे. फॉर्म भरलाय मी. तुझे दोन फोटो पाठवून दे. आणि हो, कान दिसले पाहिजेत."