रगतचाट्याला गूळ चालत न्हाई

हसायचं तेवढं हसा, पण आधी तोंडातला चहा गिळा. माझ्या सख्ख्या साडूनं हे ऐकताना नवा सदरा खराब केला होता!

आणीबाणी उठून एखाद-दुसरं वर्ष झालं असेल. पलूसच्या एका पोरीशी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. तिला मी जत्रेत लांबून बघितलं होतं, आणि तेव्हापासून भाकरी घशाखाली उतरत नव्हती. हे स्थळ हातचं गेलं असतं तर मी जन्मभर बिनलग्नाचाच राहिलो असतो.

तेव्हा मी पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत मेसमध्ये बटाटे सोलायचो. (माझी स्वतःची शाळा सातवीतच उरकली होती.) तिथली परदेशातनं आलेली पोरं एक अजब खेळ खेळायची. पट नाही, सोंगट्या नाहीत. नुसते कोनाकोनाचे फासे आणि तोंडाची वाफ! एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरून राक्षसाशी लढायचं.

उसाच्या हंगामाला मी कडेगावाकडं घरी आलो ते हा खेळ घेऊनच. फाशांच्या जागी कवड्या. राक्षस मात्र माझा स्वतःचा. रगतचाट्या!

रगतचाट्या कुणाचंही रूप घेतो. मामाचं, पोस्टमनचं, तुमच्यासारख्या सभ्य माणसाचंसुद्धा. मग ओळखायचा कसा? 'या' म्हटल्याशिवाय आत येत नाही. गुळाला शिवत नाही. आणि रगत प्यायच्या आधी दात काढून पुसून घेतो! सापडला की डोक्यावर पोतं घालायचं आणि खरं नाव विचारायचं. ते सांगितलं की त्याचा खेळ खलास.

एका भर दुपारी आमच्या गुऱ्हाळात डाव रंगला. काहिलीत रस उकळतोय, वाफेनं छप्पर भरलंय, माझा दोस्त संपत आणि गडीमाणसं डोळे फाडून बसलेत. मी आवाज खाली आणला. "आता रगतचाट्या म्हाताऱ्याच्या रूपात आलाय. पांढरा फेटा, काखंत छत्री..."

"मारत्या," संपत पुटपुटला, "त्यो बघ, दारात हुबा हाय."

वळून बघतो तर काय! वाफेतनं पांढरा फेटा. काखंत छत्री!

"आत कुनी या म्हनतंय का न्हाई रं?" म्हातारा दारातनंच बोलला.

मी पानावर गूळ ठेवला आणि लांबूनच पुढं सरकवला. "घ्या पाव्हणं."

"गूळ नगं बाबा. मला चालत न्हाई. पानी दे."

असं म्हणून त्यानं तोंडात बोटं घातली, आख्खी बत्तिशी बाहेर काढली आणि उपरण्यानं पुसायला लागला!

कवळी नावाची वस्तू आम्ही कुणी बापजन्मात बघितली नव्हती हो! राक्षस मीच घडवलेला, तरी मलाच तो खरा वाटला. पोतं उचललं आणि घातलं म्हाताऱ्याच्या डोक्यात. "खरं नाव सांग! खरं नाव सांग!"

पोत्यातनं बोळका आवाज आला, "आरं, मी पलूसचा तात्या! पोरगी द्याची म्हनून मारुती कसा हाय ते गुपचूप बघाया आलोय!"

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण जीभ कसली गप्प बसतीय? पोतं काढत म्हणालो, "मारुती व्हय? त्यो साताऱ्याला गेलाय. मी त्याचा गडी, म्हादू."

संपतनं तोंडात पंचा कोंबला.

"गडी असला, तर मालक कसला आसंल?" तात्या फेटा सावरत म्हणाले.

"लय गुणाचा हाय! माझ्यासारखा न्हाई."

तात्यांनी कवळी बसवली, मला पायापासून शेंडीपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "आईतवारी धाडा त्याला."

आईतवारी मी मिशी उतरवली, चुलत्याचा चष्मा लावला आणि पलूसला गेलो. काय करणार? दुसरं रूप घेणं भाग होतं! दारात तात्यांनी आईला या म्हटलं, चुलत्याला या म्हटलं. माझी पाळी आली तशी हात आडवा घातला आणि गुळाची ताटली पुढं केली.

"म्हादू, आदी गूळ खा."

आई माझ्याकडं बघायला लागली. चष्म्यातनं मला काही दिसेना, पण आतनं बांगड्या वाजल्या आणि कुणीतरी खुदकन हसलं, ते तेवढं ऐकू आलं. कान तापून लाल! गूळ चघळत उभा राहिलो.

"आता खरं नाव सांग."

"मारुती," मी उंबऱ्याबाहेरनंच पुटपुटलो.

"मग या की, जावईबापू."

तर असं जमलं आमचं. परवा बायकोला घेऊन पलूसला गेलो होतो. मेव्हण्याच्या सुनेनं गूळ-पाणी आणलं. "नगं गं पोरी, मला साखर झालीया," म्हणालो. तेवढ्यात ठसका लागला, म्हणून कवळी काढून पुसायला घेतली. वर बघतो तर आमची ही कोपऱ्यातलं पोतं झटकतीया!