पहिली केस घरातली

नांदेडमध्ये माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, उद्घाटन, निवडीबद्दल अभिनंदन आणि श्रद्धांजली, या चार खांबांवर आमचं छप्पर उभं. या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. वाढदिवसाला आणलेला फोटोच पुढे श्रद्धांजलीला येतो. माणूस गेल्यावर घरच्यांना त्या गडबडीत दुसरा फोटो सापडत नाही. ते म्हणतात, "तुमच्याकडं असंल बघा मागचा." असतोच. मी जुनी फाईल उघडतो, मागचे फुगे काढतो, रंग काढतो, खालची ओळ बदलतो. पंधरा मिनिटांचं काम. इतकी वर्षं करतो आहे. हात थरथरतो असं खोटं कशाला सांगू?

एक जूनला मात्र दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अर्ध्या जिल्ह्याचा वाढदिवस त्या दिवशी. आमच्याकडे पूर्वी बाप पोराला शाळेत घालायला घेऊन जायचा. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बाप म्हणायचा, ज्वारी काढणीला आली होती तवाचा. मग गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का ते बघायचे आणि एक जून ठोकून द्यायचे. साल अंदाजाने. ते साल पुढे दाखल्यावर, दाखल्यावरून आधारवर, आणि आधारवरून माझ्या बॅनरवर.

अशाच एका एक जूनला एका विमा कंपनीचे विकास अधिकारी आपला बॅनर छापायला आले. गर्दी ओसरेपर्यंत माझ्या मागे खुर्ची टाकून बसले आणि माझ्या कॉम्प्युटरकडे बघत राहिले. फोटो, नाव, गाव, जन्मतारीख, मोबाईल. फोल्डरमागून फोल्डर.

"भाऊ," ते म्हणाले, "तुम्ही सोन्याच्या खाणीवर बसून फ्लेक्स छापून राहिलात."

मी हसलो. पण पावसाळ्यात दुकान रिकामंच असतं. त्यात अधूनमधून बॅनर काढायची मोहीम निघाली की महिना महिना मशीनवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघत नाही. जोडीला काहीतरी हवं, हे घरात रोजचं बोलणं होतं. मी म्हटलं, बघू तर. बघू म्हणता म्हणता विमा एजंटच्या परीक्षेचा फॉर्म भरला, पासही झालो.

ट्रेनिंग लातूरला होतं. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही तीसेक जण बसलो. दोन अंगणवाडीच्या बाया, एक खताचा दुकानदार, बाकी माझ्यासारखेच. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं, "मरण हा शब्द तोंडातून काढायचा नाही. बरं-वाईट म्हणायचं." मग कोरे कागद वाटले. ओळखीच्या शंभर माणसांची नावं लिहा, म्हणाल्या. जवळच्यांपासून सुरुवात करा.

मी लिहायला लागलो. एकेक नाव लिहिताना त्या माणसाचा चेहरा नाही, माझ्याकडचा त्याचा फोटो डोळ्यांपुढे यायचा, आणि त्यातले रंग आपोआप जायचे. माझा मित्र, गल्लीतला दूधवाला, मुलाचे मास्तर. दहाबारा नावांनंतर मी पेन खाली ठेवला. मला चक्क भीती वाटली. शेजारची अंगणवाडीची बाई म्हणाली, "दादा, पंखा लागून नाही राहिला का?" मी घाम पुसला.

त्या कागदावर पहिलं नाव माझ्या दाजींचं होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. अर्धापूरला असतात. स्वतःची गाडी आहे, केळी भरून दिल्लीकडे नेतात, स्वतःच चालवतात. उंचपुरा माणूस, जेवायला बसला की शेजारच्यालाही भूक लागावी असा. अक्काला दोन मुली, दोघी शिकणाऱ्या. घरात कमावणारे हात दोनच, तेही स्टिअरिंगवर.

आता जे सांगतो ते तेव्हा फक्त मला आणि दाजींना माहीत होतं. मी एजंट व्हायच्या आदल्या उन्हाळ्यात ते जत्रेचा बॅनर सांगायला दुकानात आले होते. बोलता बोलता एकदम गप्प झाले. कपाळावर घाम, डावा हात छातीशी. मी रिक्षा केली, जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं आहे, आजच ॲडमिट व्हा, पुढची तपासणी करू. फॉर्मवर नातेवाईक म्हणून मी सही केली: मेहुणा, आणि माझा नंबर. दाजी दोन तास पडून राहिले आणि उठले. "केळी उतरून राहिली, पाव्हणं. हंगाम झाला की बघू." बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. "अक्काला सांगितलंस तर माझी शपथ हाय तुला." डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घरी न्यायच्या तर कारण हवं, म्हणून अक्काला सांगितलं की ॲसिडिटीच्या आहेत.

अधिकाऱ्यांचा नियम होता, पहिली केस, म्हणजे पहिली पॉलिसी, घरातली. "घरच्यांनीच न्हाई घेतली तर बाहेरचा कशाला घेईल?" ऑगस्टमधल्या एका रविवारी मी फॉर्म घेऊन अर्धापूरला गेलो. अधिकारी सोबत होते. ओसरीवर सतरंजी टाकली होती. अक्का चहा घेऊन आली आणि तिथेच बसली. नवऱ्याच्या नावानं काही होत असलं की तिला ऐकायचं असतं.

वय विचारलं. दाजींचं खरं वय अठ्ठेचाळीसच्या आसपास. त्यांची आई सांगायची, थोरल्या चुलत्याचं लग्न झालं त्या साली हा झाला. आधारवर मात्र गुरुजींचा एक जून, आणि साल चार वर्षं पुढचं. अधिकाऱ्यांनी बोटांवर मोजलं आणि खूश झाले. "चव्वेचाळीस. या पॉलिसीला पंचेचाळीसच्या आत डॉक्टर लागत न्हाई. फॉर्मवरच काम होतंय."

म्हणजे तब्येतीचं सगळं माझ्या पेनावर आलं. मी प्रश्न वाचत गेलो. दम्याचा त्रास? नाही. साखर? नाही. छातीत दुखणं, हृदयाचा आजार, त्यासाठी कधी दवाखान्यात दाखल?

मी दाजींकडे पाहिलं. दाजींनी माझ्याकडे. मग दोघांनीही अक्काकडे पाहिलं. ती बशीतला चहा फुंकत होती.

"न्हाई," दाजी म्हणाले.

"त्यांना कशाचं काय होतंय?" अक्का म्हणाली. "दगड पचवतील."

मी 'नाही' लिहिलं. माझ्या अक्षरात. नाईलाज झाला असं मी स्वतःला खूप दिवस सांगत होतो, पण ते खरं नाही. मला पहिली केस हवी होती, आणि शपथेचं निमित्त आयतं हातात होतं. दुकानात 'नाही' म्हणायची वेळ आली की माझी जीभ कशी चुरुचुरु चालते, हे माझ्या गिऱ्हाइकांना विचारा.

पॉलिसीचा कागद पोस्टाने आला. अक्काने त्याला हळदीकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात देवांच्या मागे ठेवला. तिने मला फोन करून सांगितलं. लग्नाची पत्रिका देवापुढे ठेवतात तसा ठेवला म्हणाली. मला बरं वाटलं होतं, हेही कबूल करतो.

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस लातूरला परत बोलावणं आलं. या वेळी विषय होता दाव्यांचा. मॅडम शांतपणे सांगत होत्या. पॉलिसी घेतल्यापासून तीन वर्षांच्या आत माणसाचं बरं-वाईट झालं तर कंपनी फॉर्म तपासते. दवाखान्यांत चौकशी होते. आजार लपवला असं दिसलं की रक्कम नाकारता येते. तीन वर्षं उलटली की मग असा प्रश्न काढता येत नाही. "म्हणून खरं लिहा," त्या म्हणाल्या. "कागद बोलतात."

मला त्या दवाखान्यातला कागद दिसला. दाजींचं नाव, त्याखाली माझी सही, माझा नंबर. आणि दुसरा कागद देव्हाऱ्यात, पॉलिसीला जोडलेली फॉर्मची प्रत, तीही माझ्याच अक्षरात. दोन्ही शेजारी ठेवले तर पोरसुद्धा सांगेल. चहाची सुट्टी झाली तेव्हा मी खाली उतरलो तो परत वर गेलोच नाही. बस पकडली.

नांदेडला उतरून तसाच अर्धापूरला गेलो. दाजी गाडी भरून घेत होते. केळीचे घड एकावर एक रचले जात होते, ते खाली उभे राहून हिशेबाने जागा दाखवत होते. मी त्यांना बाजूला घेतलं. सगळं सांगितलं. म्हटलं, आपण कंपनीला पत्र देऊ, चूक झाली म्हणू, काय व्हायचं ते होईल. आणि तुम्ही उद्याच्या उद्या डॉक्टरकडे चला.

दाजी हसले. "मला ठावं हाय रे ते तीन वर्षांचं. त्या सायबाला मी तवाच इचारलं."

"मग?"

"मग काय? आता डॉक्टरकडं गेलो की नवा कागद निघाला. कशाला? तीन वर्षं तर काढायची. काढतो की." त्यांनी आवाज खाली घेतला. "त्या गोळ्याबी बंद केल्या म्या. पाकिटं घरात सापडली तर खामखा भानगड."

मी माझ्या बहिणीच्या घरात आधार म्हणून जो कागद नेऊन ठेवला होता, त्याच्यासाठी हा माणूस औषध सोडून बसला होता. वर माझ्याच पाठीवर थाप मारून म्हणाला, "पाव्हणं, तोंड पाडू नको. पोरींचं भलं केलंस तू."

गाडी निघून गेली. त्या दिवसापासून मला मोजायची सवय लागली. सकाळी शटर वर करताना मनात यायचं, आणखी एक दिवस गेला. फोन वाजला आणि अर्धापूरचा नंबर दिसला की दोन-तीन रिंग तशाच जाऊ द्यायचो. दाजींच्या वाढदिवसाची फाईल माझ्याकडे होती. केळी बाजारातल्या लोकांनी जूनमध्ये बॅनर केला होता. शेतातला फोटो, हसरा, चांगला मोठा. ती फाईल मी दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली, मग पेन ड्राईव्हवर घेतली, मग पेन ड्राईव्ह गल्ल्याच्या तळाशी ठेवला. पुसून टाकायचं धाडस होईना. तेही अपशकुनाचं वाटायचं. अधिकाऱ्यांचे फोन येत होते, दुसरी केस कधी देता म्हणून. मी त्यांना काहीतरी थापा मारत होतो. ती शंभर नावांची यादी मी जाळली. त्याने काय होणार होतं?

भाऊबीजेला अर्धापूरला गेलो. दाजी नव्हते, दिवाळीतही माल थांबत नाही, इंदूरच्या पुढे कुठेतरी होते. भाच्या शेजारी गेल्या होत्या. दुपारचं जेवण झालं. अक्काने पाट मांडला, तबकात निरांजन लावलं. माझ्या कपाळाला कुंकू लावताना ती सहज म्हणाली, "यांची तब्येत लई सुधारली बघ. ॲसिडिटीच्या गोळ्याबी बंद झाल्या. घाटात जरा दम लागतो म्हणत्यात, ते वयाचं. आन् काय झालंच कमी-जास्त तर तुझ्या हातचा कागद हाय देवाजवळ. तवापासून मला निवांत झोप लागती."

ती ओवाळायला लागली. ज्योत माझ्या तोंडासमोरून एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली. मी तिचा हात धरला.

मी सांगितलं. दवाखाना, शपथ, फॉर्म, तीन वर्षं, गोळ्या. सांगताना मी रडलो, ती नाही रडली. तबक हातात तसंच धरून ऐकत राहिली. मी थांबलो तेव्हा तिने एवढंच विचारलं, "म्हंजी त्या कागदापायी ते दवाखान्यात जाईनात?"

"हाव."

तिने तबक पाटापाशी ठेवलं. देव्हाऱ्यापाशी गेली, देव बाजूला केले, पॉलिसी काढली. कुंकवाचा डाग वाळून काळपट झाला होता. तिने ती मधोमध फाडली, मग आणखी एकदा, मग कागद जाड म्हणून दातात धरून. कागद फाडल्याने विमा रद्द होत नाही, हे मला माहीत होतं. मी तिला अडवलं नाही.

मग तिने फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला, आणि घाईत तिचा अंगठा लागून स्पीकर सुरू झाला. गाडीचं इंजिन घुमत होतं.

"म्या तो इम्याचा कागद फाडला," ती म्हणाली. "आता तुमच्या मरणाचा कुनालाच कायबी फायदा न्हाई. तवा गुमान जवळचं शहर बघा आन् दवाखान्यात जा."

मग दाजींचा आवाज आला. "कुनी सांगितलं तुला?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते, आणि इतकं चिडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"भावानं," ती म्हणाली. "ओवाळणी घातली त्यानं मला."

फोन चालूच होता. गाडी पुढे चालली होती की थांबत होती, ते आम्हाला दोघांनाही आवाजावरून कळेना.