महिपतीचं नाक

बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका डेअरीत दूध उतरवायच्या धक्क्यावर महिपतीचं राज्य होतं. टेम्पोतून कॅन खाली आला की महिपती झाकण उघडायचा, नाक खाली न्यायचा आणि मान हलवायचा. मान उभी हलली तर दूध आत, आडवी हलली तर कॅनवर लाल खडूची रेघ आणि परत टेम्पोत. डेअरीला प्रयोगशाळा होती, पण तिथला निकाल येईपर्यंत महिपतीची मान हलून गेलेली असायची. माणूस सरळ, कामाला वाघ. पण झाकण दुसऱ्याच्या हाती देईल तर शपथ. एकदा तो रजेवर असताना कुणीतरी आंबलेला कॅन आत सोडला होता आणि अख्खी टाकी ओतून द्यावी लागली होती. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. महिपती तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला. त्याच्या हाताखालचा सिद्धू कित्येक वर्षं नुसते कॅन उचलत होता. चांगला दोन लेकरांचा बाप, हुशार गडी, पण झाकणाला हात लावायची त्याची टाप नव्हती.

पंच्याण्णव साली मालकांनी दूध पावडरीचा नवा विभाग काढायचं ठरवलं. प्रमुख म्हणून नाव महिपतीचं होतं, अट एकच: आधी धक्क्यावर आपल्या जागी माणूस तयार करायचा. जमलं नाही तर बाहेरून कुणी येईल. महिपतीला ती जागा हवी होती, फार हवी होती. मेंढरांमागं रानोमाळ फिरलेल्या घरातल्या माणसाच्या नावाची पाटी दारावर लागणार होती.

त्याच सुमाराला मालकांच्या बोलावण्यावरून पुण्याहून विजयमालाबाई दर पंधरवड्याला येऊ लागल्या. पूर्वी एका कारखान्यात कामगार अधिकारी होत्या. आता सुपरवायझरांना एकेकटं बसवून त्यांच्याशी बोलायच्या आणि मोठ्या कामासाठी त्यांना तयार करायच्या.

आता आपल्याकडं दार लावून कुणी प्रश्न विचारायला लागलं की त्याचा अर्थ एकच, चौकशी. आणि चौकशीला शहाणा माणूस एकटा जात नाही. महिपतीनं युनियनच्या मोहनरावांना साक्षीला सोबत नेलं. बाईंनी दोघांनाही चहा मागवला आणि विचारलं, "महिपतराव, तुम्ही नसलात तर धक्क्याचं काय होईल?"

"बाई, सकाळच्या पारी असं अभद्र बोलू नका," महिपती म्हणाला.

मोहनरावांनी जोरात मान डोलावली, आणि थोड्या वेळानं डोलावता डोलावताच त्यांना झोप लागली.

चौकशी नाही हे कळल्यावर पुढच्या खेपेपासून महिपती एकटा जाऊ लागला. पण बाई शिकवतील तर ना! नुसते प्रश्न. शेवटी तो वैतागला.

"बाई, तुमी शिकवायला आलाय का इचारायला?"

"विचारायला," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या वडलांच्या वेळी मेंढरं कोण राखायचं?"

"आमी भावंडं. तात्या कळपासंगं नसायचंच. म्होरल्या मुक्कामाला चारापाणी बघाया आदल्या दिशीच जायाचं."

"पोरांच्या हाती कळप सोडून? भीती नाही वाटायची त्यांना?"

"वाटत आसंल की. एकदा माझ्या हातनं दोन कोकरं लांडग्यानं नेली."

"मग?"

"मग काय? दुसऱ्या दिशी तात्या परत म्होरं गेलं."

एवढं बोलून महिपती उठला आणि धक्क्याकडं निघाला. बाईंनी त्याला थांबवलं नाही. दुसरा कुणी असता तर तात्पर्य सांगून मोकळा झाला असता.

पुढच्या सोमवारी महिपतीनं झाकण सिद्धूच्या हाती दिलं. काही दिवस शेजारी उभा राहून स्वतःचं नाक कसंबसं आवरलं. मग एका सकाळी मनाचा हिय्या करून तो कँटीनमध्ये जाऊन बसला. खिडकीतून धक्का दिसत होता, एवढाच काय तो दिलासा.

आणि नेमका महिपतीच्याच घरच्या म्हशींच्या दुधाचा कॅन आला. सिद्धूनं झाकण उघडलं, वास घेतला, पुन्हा घेतला. कॅनवर रंगवलेलं नाव वाचलं आणि कँटीनकडं बघितलं. आदल्या दिवशी महिपतीची बायको, छबूबाई, भिगवणला लग्नाला गेली होती; जायच्या घाईत तिनं कॅन गार पाण्यानंच विसळलेला त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. त्यानं खिडकीकडं पाठ केली.

परत वळला तेव्हा कॅनवर लाल रेघ होती.

पहिल्यांदा आला तो राग. माझ्या घरचं दूध? तरातरा तो धक्क्यावर गेला, हात झाकणापर्यंत पोचला. धक्क्यावरची सगळी माणसं थांबली. सिद्धूचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो बाजूला झाला नाही. महिपतीनं झाकण सोडलं, कॅनची एक कडी धरली आणि दुसरी सिद्धूनं. दोघांनी कॅन टेम्पोत चढवला.

संध्याकाळी छबूबाई अंगणातच उभी होती.

"साऱ्या गावाम्होरं नाक कापलं आमचं! येवढं सायब व्हायला निघालाय, तुमचं तितं कुनी ऐकतं का न्हाय?"

"न्हाय ऐकत," महिपती म्हणाला आणि त्याला हसू आवरेना. "आता न्हाय ऐकत, छबू."

उन्हानं याचं डोकं फिरलं की काय म्हणून ती बघतच राहिली. महिपतीनं चुलीवर पाणी तापत ठेवलं आणि कॅन घासायला घेतला.