‘कशासाठी’ची रिकामी जागा

पुण्यातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तेव्हा अजाईल नावाची कामाची पद्धत नवीनच आली होती. आधी सगळं ठरवून जाडजूड कागद करायची पद्धत बंद झाली. आता प्रत्येक मागणी एका वाक्यात लिहायची: कोणाला हवंय, काय हवंय आणि कशासाठी. दर दोन आठवड्यांनी थोडं काम गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि पुढचं ठरवायचं. मी त्याच भागातल्या अवसरीचा, म्हणून नारायणगावजवळच्या एका पॅकहाउसचं, म्हणजे द्राक्षं निवडून पेट्यांत भरायच्या जागेचं, काम साहेबांनी माझ्याकडे दिलं.

पॅकहाउस दोघा भावांचं. थोरला ऑफिसात बसायचा, धाकटा बागा फिरून माल आणायचा. मी गेलो की थोरलाच बोलायचा. धाकटा दारातूनच ‘दादा सांगंल तसं करा’ म्हणून निघून जायचा.

एक दिवस थोरला म्हणाला, “आमच्या दोघांच्या बागांचा माल इथून पुढं कम्प्युटरवर वेगवेगळा दिसला पाहिजे.”

“कशासाठी?”

“ते राहू द्या. तुमी फक्त करा.”

मागणीच्या वाक्यातली ‘कशासाठी’ची जागा रिकामीच राहिली. कारण कळल्याशिवाय बनवायचं नाही, असं साहेबांचं म्हणणं. न कळता बनवलेलं आम्हाला बरेचदा टाकून द्यावं लागलं होतं.

पुढच्या खेपेला दोघंही समोर बसले. बाहेर शेडमध्ये बायका द्राक्षांचे घड निवडत होत्या. मी स्क्रीनवर झालेलं काम दाखवलं आणि राहिलेला प्रश्न पुन्हा विचारला.

थोरला स्क्रीनकडेच बघत म्हणाला, “पुढच्या हंगामाला आमी वेगळं व्हणार हाये.”

धाकट्यानं मान वर केली. “कोण वेगळं व्हणार हाये?”

“आपण.”

“मला कुणी सांगितलं न्हाई, दादा.”

“सांगणारच व्हतो. जमत नव्हतं.”

धाकटा उठला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, “पावणं, चहा घेऊन जा.” आणि चपला घालून निघून गेला. चहा आला. थोरल्यानं घेतला नाही, मलाही गेला नाही.

परतताना जीपमध्ये दाटीवाटीनं बसलो होतो. मागणीचं वाक्य आता पुरं झालं होतं, पण ते कंपनीत कोणाला वाचून दाखवावंसं वाटेना. आठवडाभरात थोरल्याचा फोन आला, काम थांबवा म्हणून.

पुढे काही वर्षांनी आईला घेऊन ओझरच्या गणपतीला गेलो, तेव्हा देवळाबाहेर थोरला भेटला. खूप वाळला होता. त्यानंच ओळखलं.

“ते काम दुसऱ्या कुणाला दिलं का?” त्यानं विचारलं.

“नाही. आमच्याकडेच पडून आहे.”

“मला एकट्याला आता तेवढं लागत न्हाई.”

धाकट्या भावाचं मी विचारलं.

“बाग मोडली त्यानं. चाकणला कंपनीत जातो म्हणं.” मग म्हणाला, “मला कुणाकडनं तरी कळतं.”

आईनं हाक मारली. मी निघालो. तो तिथंच नारळाच्या दुकानापाशी उभा राहिला.