ओठांवर न दिसणारं

माझी पत्नी कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवायची. ती गेल्यावर तिची पदविकेची पुस्तकं द्यायला मी तिच्या शाळेत गेलो. तिच्या जागी आलेल्या तरुण बाई एका मुलीचं बोट स्वतःच्या नाकावर टेकवून ‘म’ म्हणत होत्या, मग बोट तिथंच ठेवून ‘ब’.

“घरी मला मामा म्हणते,” दाराशी उभे असलेले त्या मुलीचे वडील म्हणाले. “बायकोला तेवढंच हसायला निमित्त.”

“तिची चूक नाही हो,” बाई म्हणाल्या. “ ओठांवर मामा आणि बाबा सारखेच दिसतात.”

मी नकळत स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. ‘म’ला नाक थरथरलं, ‘ब’ला गप्प राहिलं. आयुष्यभर बोललो, पण हे आज कळत होतं. एका अक्षरासाठी श्वास, जीभ, टाळू, कान असं सगळं शिकायचं आणि ते एका चिमुकल्या बोटाच्या टोकाशी आणून ठेवायचं. माझ्या घरातलं माणूस रोज हे करून येत होतं आणि स्वयंपाकाला लागत होतं.

मुलगी वळली. “बाबा,” म्हणाली. आवाज घोगरा, पण शब्द स्पष्ट.



“अहो, ओ द्या ना,” बाई म्हणाल्या.

वडील खाली बसले आणि “ओ” म्हणाले. मुलीनं त्यांच्या गळ्यावर तळहात ठेवला आणि ‘ओ’ची थरथर पुरती थांबेपर्यंत काढला नाही.