आठही दिवे हिरवे

ती आमच्याकडे कामाला आली तेव्हा तिच्या पिशवीत तो टेस्टर होता. स्वस्तातला, ऑनलाइन मागवलेला, दोन तुकड्यांचा. नेटवर्क केबलच्या एका टोकाला मोठा तुकडा लावायचा, दुसऱ्या टोकाला छोटा. मग आतल्या आठ तारांचे एक ते आठ हिरवे दिवे ओळीने पेटत जातात. जी तार जोडली गेली नसेल तिचा दिवा पेटत नाही. एवढंच त्याचं काम. पण मला तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपला.

बोईसरच्या कारखान्यांमधून बारा वर्षं मी केबल ओढत होतो. केबल ओढायची, टोकाला कनेक्टर दाबायचा, लॅपटॉप लावून बघायचं, संपलं. "याच्या हातचा कनेक्टर परत उघडावा लागत नाही," असं आमचे शेठ नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि मी ऐकू न आल्यासारखं करायचो.

ती दांडी गावची. घरची माणसं समुद्रावर जाणारी. ही मात्र एका कारखान्यात पॅनलचं वायरिंग करून आलेली. वयानं माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, बोलायला मोकळी. पहिल्याच कामात, पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात, माझ्या सगळ्या केबल तिनं तपासायला घेतल्या. अर्ध्याअधिक झाल्यावर थांबली.

"दादा, चार नंबर पेटत नाय."

"परत लाव."

परत लावली. तीन पेटला, मग एकदम पाच.

"तुझ्या डबीतच काहीतरी असेल," मी म्हणालो.

तिनं दुसरी केबल लावली, आठही पेटले. शेठ मागेच उभे होते. हसून मला म्हणाले, "बरं झालं, तुझ्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी आलं." थट्टाच होती ती. मीही हसलो. पण संध्याकाळी बेटेगावला घरी पोचेपर्यंत ते वाक्य मी पन्नासदा ऐकलं असेल. जेवताना बायकोनं विचारलं, "मीठ जास्त झालंय का?" तर तिच्यावरच डाफरलो.

पुढं गिऱ्हाइकं फोनवर विचारू लागली, "मॅडम येणार आहेत ना?" केबल मी दाबलेली, दिवे तिनं दाखवलेले, आणि गिऱ्हाइकाला समाधान त्या दिव्यांचं! चष्मा लागायची वेळ आली होती हेही मी स्वतःशी कबूल करत नव्हतो. पांढरा-हिरवा आणि पांढरा-निळा यांत आता मला दोनदा बघावं लागायचं. तिला एकदाही नाही.

त्याच कंपनीच्या गोदामापर्यंत लांब केबल टाकायची होती. शेठ म्हणाले, दोन्ही टोकं तिलाच करू दे. मी बाजूला शिडी धरून उभा होतो. तिनं हिरव्याशेजारी हिरवी, निळ्याशेजारी निळी अशी जोडी-जोडीनं तारा लावल्या. पॅनलमध्ये ते चालतं. दोन्ही टोकं सारखी असली की झालं. नेटवर्कच्या केबलमध्ये नाही चालत. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी यावी लागते, नाहीतर एकमेकींत पीळ घातलेल्या तारांची फाटाफूट होते आणि लांब अंतरावर सिग्नल बिघडतो. आणि हे त्या स्वस्तातल्या टेस्टरला कळत नाही. तो फक्त तार या टोकाची त्या टोकाला पोचली का, एवढंच बघतो.

मी बघितलं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आठही दिवे पेटले आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा दादा, एकदम पास!"

"हो," मी म्हणालो. "पास."

तीन दिवसांनी गोदामातून तक्रारी सुरू झाल्या. संगणक अडकतोय, बिलं छापली जात नाहीत, गाड्या दारात उभ्या. मी पोचलो तेव्हा ती घामाघूम होऊन पुन्हा पुन्हा टेस्टर लावत होती आणि तिथला मॅनेजर सगळ्यांसमोर तिला बोलत होता. "दिवे मत दिखाओ मॅडम, माल कब निकलेगा वो बताओ." ती फक्त म्हणत होती, "सर, केबल ठीक हाय." एवढी लहान झालेली ती मी कधी पाहिली नव्हती. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं.

मी काही न विचारता कनेक्टर कापला, दुसऱ्या टोकाला जाऊन तोही कापला, तारा नीट क्रमानं लावून नवे दाबले. पाच मिनिटांत बिलं छापून येऊ लागली. मॅनेजरनं माझ्यासाठी चहा मागवला. शेठ फोनवर म्हणाले, "शेवटी अनुभव तो अनुभव." इतके दिवस हेच ऐकायचं होतं. चहा मात्र मी तसाच ठेवला, कारण ती भिंतीशी बसून मी कापलेला कनेक्टर उजेडात धरून रंग वाचत होती.

काही महिन्यांनी मासवणच्या एका शाळेत आम्ही दोघंच काम करत होतो. डबे सोडताना मी सांगून टाकलं. "गोदामाची केबल तू चुकीची लावलीस ते मला दिसलं होतं. मी बोललो नाही."

"मला तवाच कळलेलं," ती म्हणाली. "तुमी टेस्टर न लावता, लॅपटॉप न उघडता, सरळ कापलात."

"मग शेठना सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? चूक माजीच होती ना." मग म्हणाली, "पण तुमी शिकवायला पायजे होतं दादा. मी तुमच्याकडंच बघून शिकत होते."

तिनं डब्यातली सुक्या बोंबलांची चटणी माझ्या भाकरीवर वाढली. मला मान वर करता येईना. आणि तेव्हाही, तिचं मन एवढं मोठं आणि आपलं तसं का नाही, म्हणून मी तिच्यावर जळतच होतो.