मुदत संपलेलं बक्षीस

"कापडाले हात नको लावू. आधी कार्ड दाखव."

खामगावच्या मोठ्या कापडदुकानातला मॅनेजर माझ्या मायला म्हणाला. मायच्या बोटांना कापूस वेचून चिरा पडलेल्या. तिनं मला कॉलेजात घालायला निळा ड्रेस धरला होता. पटकन सोडला.

मी या दुकानाचं गिफ्ट कार्ड पुढं केलं, दारातच सांगितलं होतं ते. दहावीत आमच्या सोनाळा गावातून पहिली आले म्हणून आठच दिवसांपूर्वी बियाणेवाल्या शेठनं स्टेजवर दिलेलं. मागं बीटी बियाण्याचं बॅनर. फोटो निघाला, पेपरात आला.

मॅनेजरनं कार्ड मशीनला लावलं अन् हसला. "याची मुदत तं उन्हाळ्यातच संपली."

"याच्यावर तारीख कुठी लिहेल हाय?"

"कम्प्युटरात हाय. तुमच्या लोकाइले फुकटाची लई सवय. निंघा."

तुमच्या लोकाइले. भरल्या दुकानात. माय मान खाली घालून पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी मी शेठच्या दुकानात.

"दिवाळीत पाहुण्याइले द्याले घेतले होते कार्डं," तो म्हणाला. "एक उरलं, ते तुले देल्लं. फोटो आला ना पेपरात? मंग?"

उरलेलं. टाळ्या वाजवून दिलेलं.

"दुकानानं तुमचे पैसे घेतले," मी म्हटलं. "ते पैसे संपले नाहीत. मंग कार्डच कसं संपलं?"

"काऊन डोकं खाऊन राह्यली वं? पैसे मी देल्ले. तू कुठची गिऱ्हाईक?"

तो शब्द घेऊन मी घरी आले. आमच्या बुद्धविहारातल्या कपाटात ग्राहक कायद्याचं जुनं पुस्तक होतं. त्यात सापडलं: विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वापरणारासुद्धा ग्राहकच. तीनदा वाचलं. मग मायला वाचून दाखवलं.

बुलडाण्याच्या ग्राहक मंचात कापडदुकानाविरुद्ध तक्रार दिली. माझं वय कमी, म्हणून खाली मायचा अंगठा.

नोटीस गेल्यावर कापडदुकानाचा माणूस घरी आला. नवं कार्ड घेऊन. "घ्या, अन् मिटवा."

"आधी लिहून द्या," मी म्हटलं. "तारीख लपवली, अन् माह्या मायले बोलले ते चुकलं."

"असं कोणी लिहून देते का?"

मी मायकडं पाहिलं. मला वाटलं, घेईल. तिनं कार्ड उचललं अन् त्याच्या गाडीच्या सीटवर नेऊन ठेवलं.

"जा," म्हणाली.

कॉलेजात मी जुन्याच ड्रेसवर जाते. तक्रारीचा निकाल अजून लागला नाही. विरुद्ध लागला तर अपील करता येतं. कुठं करायचं, किती दिवसांत, सगळं वाचून ठेवलंय.